तीन सुतांचा ढाळ

आमच्या ह्यांना गिऱ्हाइकं सूतभाऊ म्हणतात. एक तर गाडीची चाकं सरळ करायला हे अजून दोरी ताणतात. गाडीच्या दोन्ही अंगांना स्टँड, त्यांवर ताणलेलं बारीक सूत, आणि त्या सुतापासून चाकाच्या कडेपर्यंत पोलादी पट्टी धरून घेतलेलं माप. शिवाय सूत हे मापही आहे, इंचाचा आठवा भाग. गवंडी-सुतार अजून तेच बोलतात आणि आमचे हे घरातसुद्धा तीच भाषा बोलतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "तुझं कपाट भिंतीपासून दोन सूत पुढे आलंय." मी म्हटलं, "येऊ दे, तेवढंच त्याला बाहेरचं जग दिसेल." तिथून आमचा संसार सुरू झाला.

गाडी घेऊन कुणी आलं की हे आधी बॉनेट उघडत नाहीत. माणसाला स्टुलावर बसवतात आणि विचारतात, "काय करते?" माणूस म्हणतो, "बिघडलीय." "ते दिसतंय. करते काय?" मग माणूस शब्द शोधायला लागतो आणि हे त्या शब्दाची वाट बघत उभे राहतात. एका अंगाला ओढते म्हणाला तर एक तपासणी, भरकटते म्हणाला तर दुसरी. थरथरते म्हणजे चाक, दचकते म्हणजे शॉकअब्सॉर्बर. एकदा एक पोक्त गृहस्थ बराच वेळ विचार करून म्हणाले, "रुसते." ह्यांनी मान हलवली आणि सरळ पेट्रोलचा फिल्टर काढला. त्यातच होतं.

एकोणीस वर्षं ह्यांनी दुसऱ्याच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये काढली. तिथेच ह्यांना त्या बुटक्या, दोन माणसांच्या स्पोर्ट्‌स कारचा नाद लागला. घ्यायचा नव्हे, सरळ करायचा. हौशी माणसं सुट्टीच्या दिवशी अशा गाड्या ट्रॅकवर नेऊन पळवतात. त्यांच्या स्प्रिंगा दगडासारख्या कडक असतात, त्यामुळे साध्या गाडीला जे कळतही नाही ते ह्या गाड्यांना लगेच लागतं.

त्यांचं एक निराळं काम असतं. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे, मालकाच्या वजनाइतकी वाळूची पोती त्याच्या सीटवर ठेवायची, आणि कोणत्या चाकावर किती भार येतो ते बघायचं. पुढचं डावं आणि मागचं उजवं यांची एक बेरीज, पुढचं उजवं आणि मागचं डावं यांची दुसरी. या दोन तिरक्या बेरजा जुळायला हव्यात. नाही जुळल्या तर स्प्रिंगखालचा मोठा नट फिरवून ते चाक वर-खाली करायचं. बेरजा चुकलेली गाडी एका वळणाला गुणी असते आणि दुसऱ्या वळणाला द्वाड. मला हे काही केल्या समजेना, तेव्हा ह्यांनी स्वयंपाकघरातल्या स्टुलाच्या एका पायाखाली पुठ्ठा सारला आणि म्हणाले, "बस." बसले. स्टूल डुगडुगलं.

"कळलं?"

"कळलं. पुठ्ठा काढा."

माझे वडील गवंडी. हे नोकरीला होते त्या वर्कशॉपची मागची भिंत बांधायला आले होते तेव्हा एक दिवस त्यांची दोरी तुटली आणि ह्यांनी आपली दिली. म्हणजे ह्या दोघांचं सूत आधी जुळलं, माझा नंबर नंतर लागला. हे बाबांना मामा म्हणतात. बाबा ह्यांना पहिलं वर्षभर "अहो" म्हणाले, मग "अरे" वर आले. रागात असले की अजून "जावईबुवा" म्हणतात.

नोकरी सोडून ह्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत स्वतःची शेड टाकायची ठरवली तेव्हा बाबांनी जाहीर केलं की फरशी मीच घालणार. वय चौऱ्याहत्तर, उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत, गुडघे तर कधीच संपावर गेलेले. माझा भाऊ म्हणाला, "बाबा, माणसं लावू." बाबा म्हणाले, "माणसं? मग मी काय, सिमेंटचं पोतं?" एका बुटक्या पाटावर बसून, पाट हाताने पुढे सरकवत, त्यांनी नऊ दिवसांत ती फरशी घातली. गुळगुळीत, राखाडी, कुठे एक भेग नाही. हे शेवटचं काम, असं ते दिवसातून दोनदा म्हणायचे, म्हणजे आम्ही "छे हो" म्हणावं म्हणून.

काम संपल्यावर ह्यांनी विचारलं, "मामा, लेव्हल झाली ना एकदम?"

बाबा म्हणाले, "लेव्हल? अरे, एक थेंब थांबून दाखव हिच्यावर!"

हे खूश झाले. मीही खूश झाले. ते वाक्य नीट ऐकलं कुणीच नाही.

आता डॉक्टरीणबाईंविषयी. त्या दातांच्या डॉक्टर, पन्नाशी ओलांडलेल्या, केस बारीक कापलेले, आणि हसल्या की शेजारच्या घरात कळावं असं हसणं. तीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून झाल्यावर त्यांनी एक पिवळीधमक स्पोर्ट्‌स कार घेतली. ती जुन्या वर्कशॉपमध्ये ह्यांच्याच हाताखालून गेली होती आणि तेव्हा उत्तम पळत होती. हे इकडे आले तशा बाईही इकडे आल्या. बाबांनी ती गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाले, "हिच्यात बसायचं म्हणजे बादलीत बसायचं." बाई म्हणाल्या, "आजोबा, माझ्या खुर्चीत लोक याहून वाईट बसतात."

नव्या स्प्रिंगा बसवायच्या होत्या. ह्यांनी बसवल्या, काटे लावले, दोरी ताणली, गाडी दिली. चार दिवसांनी बाई परत.

"काय करते?" ह्यांनी विचारलं.

बाई स्टुलावर बसून विचार करू लागल्या. मग म्हणाल्या, "सूतभाऊ, डाव्या वळणाला ही माझी लेक असते. उजव्या वळणाला सून."

मी चहा घेऊन आले होते. म्हटलं, "का हो, सून काय वाईट असते?"

"वाईट नाही गं. पण सासूला पाठ दाखवते. उजवीकडे वळवली की हिचं मागचं अंग बाहेर जायला बघतं. शेपूट सोडते."

शेपूट सोडते, हा ह्यांना हवा असलेला शब्द होता. ह्यांनी टायरची हवा बघितली, डावे टायर उजवीकडे आणि उजवे डावीकडे घालून बघितले. चाकांना धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या टोकाला रबराचे बुश असतात, ते लोखंडी पहार घालून हलवले, मागचे दोन जरा सैल वाटले ते बदलले. बेअरिंग बघितलं. पुन्हा काटे, पुन्हा पोती, पुन्हा बेरीज. अगदी बरोबर. गाडी गेली आणि आठवड्यात परत आली. उजवीकडे तेच.

दुसऱ्या खेपेला ह्यांनी एक शॉकअब्सॉर्बर बदलला, सगळे नट परत कसले, सगळी मापं दोनदा घेतली. वहीत लिहिली. ती वही म्हणजे ह्यांची पोथी आहे, प्रत्येक गाडीचं एक पान. काट्यांवर विश्वास नाही म्हणून पन्नास किलोचं सीलबंद पोतं आणून चारही काट्यांवर ठेवून बघितलं. काटे चोख. मग आपल्या डोळ्यांवर संशय घेतला. चष्मेवाल्याकडे गेले, नंबर निघाला, नवा चष्मा घालून दोरीपाशी परत माप घेतलं. जुनं आणि नवं, काडीचा फरक नाही.

"म्हणजे चष्म्याचे उगीच गेले," मी म्हटलं.

"उगीच नाही. तुझा चेहरा बरा दिसायला लागलाय," हे म्हणाले. पण हसले नाहीत.

तिसऱ्या खेपेला बाई आल्या त्या गळ्याला पट्टा लावून. ट्रॅकवर एका उजव्या वळणाला गाडीने शेपूट सोडलं ते सोडलंच. दोन गिरक्या घेऊन ती कडेला रचलेल्या जुन्या टायरांच्या ढिगात जाऊन बसली. गाडीला एवढंसं काही नाही, मागचा एक कोपरा खरचटलेला. बाईंची मान लचकली होती.

हे त्या खरचटलेल्या कोपऱ्यापाशी वाकले. बाईच म्हणाल्या, "सूतभाऊ, मी रागावलेली नाही. माझा हात चुकला असेल. पण आता ही तुमच्याकडे राहू दे, पाहिजे तेवढे दिवस ठेवा. तयार झाली की मला सांगा, आणि त्या दिवशी माझ्या शेजारी तुम्ही बसा. मग कुणाचं चुकतंय ते दोघांना एकदमच कळेल."

त्या गेल्यावर हे बराच वेळ हात धूत राहिले. साबण संपत आला तरी धूतच होते. मग म्हणाले, "आता ह्या खेपेला नाही सापडलं, तर ह्या गाड्या मी घेणार नाही. टायर बदलीन, पंक्चर काढीन. आत माणूस बसलेला असतो. माझं माप चुकतंय आणि कुठे चुकतंय ते मला दिसत नाही, असल्या हाताने दुसऱ्याच्या जिवाशी खेळायचं नाही."

ह्यांना टायर बदलायला लावणं म्हणजे गवयाला दारात तिकिटं फाडायला बसवणं. पण ह्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. हे बोलतात थोडं आणि बोलले की करतात. देवाकडे काही मागायची मला सवय नाही, उठून हात जोडले की माझं काम झालं. त्या दिवशी मात्र मी मागितलं. म्हटलं, देवा, चूक असेल तर असू दे, पण ती ह्यांना सापडू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गाडी घेऊन रस्त्यावर एक चक्कर मारायला गेले होते आणि मी रिकामी शेड धुवायला घेतली. दोन बादल्या पाणी ओतलं. हे परत आले, गाडी दाराबाहेर लावून आत आले तेव्हा मी खराटा भिंतीला टेकवून उभी होते. मी सहज म्हटलं, "काही म्हणा, बाबांच्या हाताला तोड नाही. खराटा लागतच नाही बघा. पाणी आपलं आपण मोरीकडे चालू लागतं."

मोरी म्हणजे दाराजवळच्या डाव्या कोपऱ्यातलं भोक. पाणी खरंच तिकडे निघालं होतं. शेडच्या बाकी भागात ते नुसतंच पसरलं होतं, पण शेवटच्या तीन-चार फुटांत त्याला एकदम दिशा सापडत होती. खडूने आखलेली एक फुली त्या पाण्याखाली आली. चारही काटे नेहमी एकाच जागी यावेत म्हणून ह्यांनी चार फुल्या आखल्या होत्या. ही मागच्या डाव्या चाकाची.

हे त्या फुलीकडे बघत राहिले. चप्पल भिजली तरी हलले नाहीत.

"काय झालं?"

"काही नाही," हे म्हणाले. "तू धू."

दुपारी जेवताना मला उलगडलं. ह्यांचा घास तोंडाशी तसाच थांबला होता, आणि मला आठवलं ते स्टूल आणि तो पुठ्ठा. मी म्हटलं, "अहो, फरशी?"

"वाटतंय."

"पण बाबा तर म्हणाले लेव्हल आहे."

"तसंच म्हणाले. आणि मी तपासलं नाही. नवीन जागेत गेलं की आधी जमीन तपासायची, मग गाडी आत घ्यायची. हे मी वर्कशॉपमध्ये येईल त्याला शिकवलंय. आणि स्वतःच्या शेडमध्ये नळी लावली नाही."

"का नाही लावली?"

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या फरशीवर? त्यांच्या तोंडावर?"

मग माझ्या लक्षात आलं की मी देवाकडे काय मागितलं होतं. मिळालं तर तेच होतं, फक्त दार माहेरचं निघालं.

नळी म्हणजे गवंड्याची पाण्याची नळी. पारदर्शक रबरी नळीत पाणी भरायचं, दोन माणसांनी दोन टोकं धरायची. पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर उभं राहतं, मग खालची जमीन कशीही असो. त्या पाण्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजलं की जमिनीचं पितळ उघडं पडतं. बाजारात कुठेही मिळते. मी म्हटलं, "नवी आणा, मी टोक धरते. बाबांना कळायचंही नाही."

"मामांच्या फरशीला चोरून नळी लावू?" हे म्हणाले. "त्यापेक्षा टायर बदललेले बरे."

संध्याकाळी आम्ही दोघं भावाकडे गेलो. बाबा तिथेच राहतात, आमच्यापासून दहा मिनिटांवर. बाबा खिडकीशी बसून रेडिओ दुरुस्त करत होते, म्हणजे बिघडवत होते. हे म्हणाले, "मामा, जरा तुमची नळी हवी होती."

"कशाला?"

"चाकांच्या जागा बघायच्यात. डॉक्टरीणबाईंची गाडी काही केल्या सुधारत नाहीये."

बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. ते काही बोलेपर्यंत मी भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले. मग ते म्हणाले, "दुसरं टोक कोण धरणार? ही? हिच्या हातात पाणी डुगडुगतं. माझी चप्पल बघ कुठाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, अजून उन्हं शेडमध्ये आली नव्हती तेव्हा, हे एका टोकाला आणि बाबा दुसऱ्या टोकाला असे उभे राहिले. हे पुढच्या उजव्या फुलीवर, तिथून हलायचं नाही. बाबा एकेका फुलीवर जाणार आणि आपल्या टोकाचं माप सांगणार. माझ्याकडे वही आणि पेन्सिल.

पुढची डावी फुली. बाबांनी पट्टी लावली, डोळा बारीक केला. "बरोबर." त्यांचा आवाज जरा चढलाच.

मागची उजवी. "बरोबर. लिही गं, बरोबर."

मग ते मागच्या डाव्या फुलीकडे गेले. पट्टी लावली. पाण्याची हालचाल थांबेपर्यंत थांबले. पाणी थांबलं तरी ते थांबूनच राहिले. ह्यांना एवढ्या लांबून त्यांचं माप दिसत नव्हतं, मलाही नाही. तिथे त्यांनी "बरोबर" म्हटलं असतं तर कुणी उलटून विचारलं नसतं. ह्यांनी तर नक्कीच नाही.

"तीन सूत," बाबा म्हणाले. "खाली."

मी लिहिलं नाही. हे हळूच म्हणाले, "मामा, परत एकदा बघू का? हात हलला असेल."

"कशाला परत? पाणी काय माझ्या नात्यातलं आहे?" बाबांनी नळी खाली ठेवली. "ढाळ आहे तो. मोरीकडे. मीच दिला. बिनढाळाची फरशी मी जन्मात घातली नाही. घातली तर डबकं होतं, जावईबुवा. डबकं! मग तुम्हीच म्हणाला असतात, म्हाताऱ्याला काम येत नाही."

"फरशी बरोबरच आहे मामा. तुमची लेव्हल म्हणजे पाणी न साचणारी. मी लेव्हल म्हणालो, मला सपाट म्हणायचं होतं."

"मग सपाट म्हणायला तोंडाला काय झालं होतं?"

बाबा पाटावर बसले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता हे प्रकरण वाढणार, दोघं एकमेकांकडे जायचे बंद होणार, आणि मी दोन घरांच्या मध्ये डबे पोचवत बसणार.

"आणि नळी का नाही लावलीस तेव्हाच?" बाबांनी विचारलं. "आज सुचलं ते तेव्हा नाही सुचलं?"

"सुचलं होतं," हे म्हणाले. "पण तुमच्या कामावर नळी लावायची म्हणजे… बरं नाही दिसलं. तुमचा मान—"

"मान!" बाबा ओरडले. "माझा मान ठेवलास आणि त्या बाईची मान मोडलीस!"

मग बाबांच्याच लक्षात आलं आपण काय बोललो ते. मिशीखाली काहीतरी हललं. मी तोंडावर पदर धरला. ह्यांना मात्र हसू आलं नाही, ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते नव्या चष्म्यामुळे लपेना.

बाबांनी ते बघितलं. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ. माझा बाप रोज संध्याकाळी माझ्या भिंतीला ओळंबा लावायचा. रोज. सगळ्यांदेखत. मला असा राग यायचा की थापी फेकून मारावी. पण माझ्या भिंती अजून उभ्या आहेत. कामाला काय कळतंय सासरा कोण अन् जावई कोण? ऊठ, चहा सांग हिला. ती फरशी मी उखडतो."

उखडायला ह्यांनी नाही म्हटलं. गुडघ्यांचा विषय काढला तर बाबा पेटतील म्हणून पाण्याचा काढला. "फरशीचा ढाळ राहू दे मामा, पाणी तर जायलाच हवं. फक्त चार चाकांपुरते चार ओटे करू. टीचभर उंच. एकमेकांशी सपाट. पाणी त्यांच्यामधून जाईल."

बाबांनी बराच वेळ फरशीकडे बघितलं. "टीचभर कशाला? इंचभर पुरे," म्हणाले. म्हणजे पटलं.

दोन दिवस काम चाललं. बाबा पाटावर, आणि त्यांच्या हाताखाली माल कालवायला एकोणीस वर्षांचा अनुभव असलेला मोटार मिस्त्री. "पातळ झाला! चहा करतोयस का?" "आता घट्ट झाला! लाडू वळतोयस का?" ह्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "एवढं तर मला पहिल्या नोकरीतही कुणी बोललं नव्हतं." पण त्या दिवशी हे पोटभर जेवले, तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

ओट्यांवर सात दिवस पाणी मारलं. आठव्या दिवशी बाबा आले, काठी भिंतीला लावली आणि दारात उभे राहिले. ह्यांनी नळी काढली. मला टोक धरायला दिलं, बाबांना नाही. म्हणाले, "मामा, तुम्ही बसा. मी बघतो."

एक, दोन, तीन बरोबर. चौथ्या ओट्याशी हे पट्टी धरून थांबले. मी बाबांकडे बघितलंच नाही.

"मामा, अर्धं सूत वर आहे."

"अर्धं?"

"अर्धं. किंचित कमी असेल. पण आहे."

बाबा काठी न घेता चालत आले. घासायचा दगड मागितला, पाट मागितला, आणि पाऊण तास तो ओटा घासत बसले. मध्येच पुटपुटले, "आता कसा बोललास."

मग गाडी ओट्यांवर चढली. काटे, पोती, बेरीज. आता काटे खरं बोलले. मागच्या डाव्या चाकावर भार भलताच जास्त होता. मला ह्यांनी समजावलं ते असं. चाक खोलगट जागी उभं, म्हणून काटा तिथे कमी वजन दाखवायचा, म्हणून हे तिथली स्प्रिंग वर चढवायचे. प्रत्येक खेपेला मन लावून, मापून-मोजून, ह्यांनीच गाडी बिघडवली होती. तो नट आता दीड फेरा मागे घ्यावा लागला.

शनिवारी बाई आल्या. गळ्याचा पट्टा गेला होता. ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. चूक गाडीची नव्हती, तुमच्या हाताची नव्हती, माझी होती. बाई ऐकत होत्या. मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "आजोबा, एका पेशंटची दाढ दुखते म्हणून मी एकदा शेजारचीच काढली होती. माप सगळं बरोबर होतं. तुमच्या जावयांनी निदान माझं काही उपटलं नाही." आणि ह्यांना शेजारी बसवून ट्रॅकवर गेल्या.

मी आणि बाबा शेडमध्ये थांबलो. मी मनात देवाचं नाव घेत होते. बाबा रेडिओ घेऊन आले होते पण तो त्यांनी उघडलासुद्धा नाही. तासाभराने फोन वाजला. बाबा म्हणाले, "तू घे. नको, इकडे दे."

"हं. बोल की."

ह्यांचा आवाज मला एवढ्या लांबूनही ऐकू आला. "अकरा वेळा उजवीकडे वळलो मामा."

"मग?"

"मग काही नाही. वळली."

"शेपूट?"

"नाही सोडलं."

मागून बाईंचा आवाज आला, "आता गाडी नाही चुकत आजोबा, चुकले तर मीच!" आणि ते हसणं. बाबांनी फोन कानापासून लांब धरला. मग माझ्याकडे दिला आणि डोळे पुसायला काहीतरी शोधू लागले, ते मी दिलं.

मला वाटलं, संपलं. पण ह्यांचं संपलं नव्हतं. सोमवारी सकाळी हे वही घेऊन फोनपाशी बसले. शेड सुरू झाल्यापासून त्या फरशीवर काटे लावलेल्या आणखी सहा गाड्या होत्या. सहापैकी कुणाचीही तक्रार आली नव्हती.

मी म्हटलं, "त्यांना काही वाटत नाही तर तुम्ही कशाला आपण होऊन?"

"त्यांच्याही गाडीत माणूस बसतो," हे म्हणाले.

बाबा चहा पीत बसले होते. म्हणाले, "सांग, म्हणावं फरशी घालणाऱ्याने घोळ घातला."

"न तपासणाऱ्याने," हे म्हणाले आणि पहिला नंबर लावला. ते एक बेकरीवाले होते, जाडजूड, भिडस्त माणूस, काम झालं की आभार मानून मानून हैराण करणारे. ह्यांनी सगळं सांगितलं. तिकडून आवाज आला, "नाही हो सूतभाऊ, माझी गाडी तर झकास पळतेय. तुम्ही उगाच मनाला लावून घेता."

"उजवीकडे वळताना?"

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"उजवीकडे मी हळूच वळतो," बेकरीवाले म्हणाले. "मला वाटलं, वय झालं. मलाच जमत नाही आता. बायकोला म्हटलंसुद्धा, विकून टाकू या."

ह्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "विकू नका. तुम्हाला जमतं. उद्याच गाडी घेऊन या."

आणि वहीचं पान उलटलं.